अवरेच्या दिवसांतलं इंजिन

अवरेकाईला वास येत नाही असं म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. त्याला जेवायला बोलावत नाही, एवढंच. डिसेंबर लागला, सकाळी खिडकीच्या काचेवर दव दिसायला लागलं की बेंगळुरात या शेंगांचे ढीग रस्त्याकडेला येऊन पडतात. दिसायला आपल्या पावट्याच्या बहिणी, पण पाणी वेगळं. शेंग चोळली की बोटांना एक तेलकट, हिरवा, किंचित उग्र वास चिकटतो. कन्नडमध्ये त्याला सोगडू म्हणतात. धुकं जितकं दाट तितका सोगडू जास्त, आणि तो साबणानं जात नाही.

परवा गेटपाशी टोपली घेऊन बसलेल्या बाईला मी विचारलं, "सोगडू आहे का?" तिनं एक शेंग सरळ माझ्या नाकाखाली धरली. मी दोन किलो घेतल्या. सून म्हणते, सोललेले दाणे पाकिटात मिळतात, कशाला बोटं खराब करता? मिळतात ना. आता सगळंच सोलून मिळतं. पण माझी बोटं खराब व्हायची ती साठ वर्षांपूर्वीच होऊन गेली आहेत, तिला ते ठाऊक नाही.

पिशवी घेऊन पार्किंगमधून येत होते तर तिथं निखिल आपल्या जीपपाशी कंबरेवर हात ठेवून उभा. हा मुलगा पुण्याचा, आमच्याच मजल्यावर राहतो, कॉम्प्युटरवर काम करतो. जुनी जीप घेतली आहे त्यानं. तिला हत्तीच्या पायाएवढी चाकं लावली आहेत, नदीत बुडाली तरी श्वास घेता यावा म्हणून एक नळकांडं वर काढलं आहे, आणि टपावर सहा दिवे आहेत. एवढं सगळं लेवून ती बाई रोज बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये उभी असते.

"काय रे, चेहरा का पडलाय?"

"आजी, ॲक्च्युअली इंजिन बदलायचंय. तीन ऑप्शन आहेत, डिसाइडच होत नाहीये. जाऊ द्या, थोडं टेक्निकल आहे."

मी शेंगांची पिशवी त्याच्या बॉनेटवर ठेवली. "चालवणार कोण?"

"मीच."

"दोन्ही पाय शाबूत आहेत तुझे?"

त्यानं खाली आपल्या पायांकडं पाहिलं. चांगल्या घरचा मुलगा आहे, नाहीतर हसला असता. मी त्याला म्हटलं, इंजिन निवडताना आधी इंजिनाकडं बघायचं नसतं, बसणाऱ्या माणसाकडं बघायचं असतं. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. मला मात्र वर येऊन शेंगा सोलायला बसेपर्यंत त्रेसष्टचा हिवाळा पुरता चढला होता.

त्या हिवाळ्यात माझा मोठा भाऊ घरी होता. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. आमचं घराणं शिंप्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. अण्णा मात्र सुईदोऱ्यात रमला नाही. फौजेत गेला, तिथं मालमोटारी चालवायला लागला. बासष्टच्या लढाईत तो वर बर्फात होता. पाय गोळीनं गेला असता तर सांगायला तरी बरं वाटलं असतं, असं तो म्हणायचा. गेला तो थंडीनं. डावा. गुडघा राहिला आणि गुडघ्याखाली वीतभर. पुण्याहून लाकडी पाय मिळाला, त्याला बूट घातला की लांबून काही कळायचं नाही. अण्णा दोन्ही बुटांना सारखंच पॉलिश करायचा, उलट लाकडी पायाच्या बुटाला जरा जास्तच.

अंगणात जीप होती. अप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची. मोठ्या युद्धानंतर लष्कराच्या मोडीतल्या गाड्या निघाल्या तेव्हा त्यांनी ती घेतली. अख्ख्या घराण्यात शिवणयंत्र सोडून दुसरं यंत्र घेणारे ते एकटेच. तळ्याकाठच्या शेतांतून चिखलातून शेंगा-भाज्या बाजारात आणायचे. बैलगाडी रुतायची तिथून ही चारी चाकांनी ओढून बाहेर यायची. अप्पा गेले आणि जीप पोत्यांखाली झोपली. इंजिनाला भेग गेलेली, पाणी ठरत नव्हतं. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या.

अण्णा घरी आला त्याच आठवड्यात त्यानं पोती काढली, कोंबड्या हाकलल्या आणि स्टिअरिंगमागं जाऊन बसला. लष्करी जीप, म्हणजे स्टिअरिंग डाव्या बाजूला. लाकडी पायानं त्यानं क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग खाली वाकून बघितलं.

"ह्या पायाला क्लच कळतच न्हाई, वच्छे," तो म्हणाला. "दाबला की न्हाई ते डोळ्यांनी बघायला लागतंय."

माझ्या भावाच्या तोंडून मी तक्रार ऐकली ती तेवढीच.

आणि मग स्टूल आलं. मामांचं चिक्कपेटेत कापडाचं दुकान होतं. मामा वाईट माणूस नव्हते. असते तर सोपं झालं असतं. त्यांनी सागवानी स्टूल करून घेतलं, वर लाल मखमलीची गादी, आणि हातगाडीवरून घरी पाठवलं. पाठोपाठ स्वतः आले. "संक्रांतीला शुभ दिवस आहे. त्या दिवसापासून गल्ल्यावर बसायचं. बसून काम, सावलीत काम. पाय गेलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?"

अण्णा म्हणाला, "गाडी पाहिजे."

मामा आईकडं बघून हसले, लहान मूल काहीतरी बोलून गेल्यावर मोठी माणसं एकमेकांकडं बघून हसतात तसे. मला त्या हसण्याचा असा संताप आला की अजून येतो. शेवटी आईनंच मध्यम मार्ग काढला. संक्रांतीपर्यंत अण्णानं जीप चालती करायची आणि सरकारी परवाना मिळवून दाखवायचा. नाही जमलं तर जीप भंगारात आणि अण्णा स्टुलावर. स्टूल तोवर अंगणातच राहिलं, जीपच्या अगदी समोर. रोज सकाळी त्याच्या गादीवर दव पडायचं आणि आई ते पदरानं पुसायची.

अवरेच्या दिवसांत आमच्याकडं घरातले सगळे निर्णय शेंगांच्या ढिगाभोवती होत. अजूनही जुन्या घरांतून होतात. संध्याकाळी अंगणात चादर पसरायची, मधोमध ढीग, भोवती सगळी माणसं. एकीकडं शेंगा सोलायच्या, दुसरीकडं भिजवलेले दाणे. दाणा दोन बोटांत दाबला की सालीतून टुणकन उडतो, कधी भांड्यात, कधी शेजारच्याच्या डोळ्यात. हात गुंतलेले असले की माणसं खरं बोलतात. कुणाची सोयरीक, कुणाची वाटणी, सगळं त्या ढिगाभोवती ठरायचं. आमच्याकडं त्या वर्षी इंजिन ठरलं.

कलासीपाळ्यमला मुनियप्पांचं गॅरेज होतं. अप्पांच्या वेळचे मेकॅनिक. कानावर कायम एक बिडी, पण ती ओढताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मला ते तंगी म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. कन्नडात बोलता बोलता मधेच मराठीत घुसायचे, नाहीतर उलटं. ते चादरीवर मांडी घालून बसले आणि शेंगा सोलता सोलता त्यांनी तीन इंजिनं पुढं ठेवली. पहिलं म्हणजे जीपचं मूळचंच, भेग सांधून, नवे पिस्टन घालून. दुसरं एका मोटारीचं, हलकं, गुळगुळीत, आवाज नाही, पेट्रोलही बेतानं पिणारं, आणि जागेत अलगद बसणारं. तिसरं म्हणजे म्हैसूर रस्त्यावर उलटलेल्या एका छोट्या मालमोटारीचं डिझेल. ते एवढं जड की चौघांनी उचलावं, आणि आवाज असा की शेजाऱ्यांनी भांडायला यावं.

"दुसरं घ्या," मुनियप्पा म्हणाले. "डिझेल बेडा, नको. जीपचं नाक खाली बसंल. गडगड गडगड, दात पडतील अण्णाचे."

मामाही त्या दिवशी आले होते. इंजिनाचं त्यांना काडीचं कळत नव्हतं, पण ते म्हणाले, "बरोबर आहे. आजारी माणसाला हलकंच बरं."

"मी आजारी न्हाई," अण्णा म्हणाला. एक दाणा उडून मामांच्या धोतरावर पडला. मुद्दाम होता की नव्हता, देवाला माहीत.

मला त्या रात्री झोप आली नाही असं मी लिहिणार नाही, कारण चांगली आली. पण सकाळी उठले ते एक विचार घेऊनच. इंजिन हलकं की जड, पेट्रोल की डिझेल, हा प्रश्नच नव्हता. क्लच किती वेळा दाबावा लागतो, हा प्रश्न होता. पाय नाही तर क्लच हातानं ओढावा लागणार, इतपत मुनियप्पा आणि अण्णा आधीच बोलले होते. मग जे इंजिन कमीत कमी गियर बदलायला लावील, ते अण्णाचं.

मी मुनियप्पांना सांगितलं, मला दोन्ही इंजिनांच्या गाड्यांत बसवा. तसलंच मोटारीचं इंजिन असलेली एक टॅक्सी त्यांच्या ओळखीत होती, आणि तसल्याच डिझेलची एक छोटी मालमोटार. दोन दिवस, तोच रस्ता. कलासीपाळ्यमहून निघायचं, कोरमंगलाच्या शेतांमधून बेळ्ळंदूरच्या तळ्यापर्यंत आणि परत. मी ड्रायव्हरशेजारी बसले, ओच्यात अवरेचे दाणे घेऊन. त्याचा डावा पाय क्लचवर पडला की एक दाणा डब्यात. बिचारे ड्रायव्हर. बाई आपल्या पायाकडं टक लावून बघते आहे आणि दाणे टाकते आहे, त्यांना वाटलं काही मंत्रतंत्र असावा. टॅक्सीवाल्यानं तर परतताना लिंबू-मिरची विकत घेतली.

संध्याकाळी मी दोन्ही डबे चादरीवर पालथे केले. टॅक्सीचे दाणे ओंजळीत मावेनात. डिझेलचे एका मुठीत मावले. हलकं इंजिन पळतं छान, पण चढ आला, खड्डा आला, बैलगाडी आडवी आली की लगेच दम सोडतं, गियर बदला म्हणतं. डिझेल आपलं एकाच गियरमध्ये गुरगुरत, कुरकुरत, पण पुढं जात राहतं.

अण्णानं दोन्ही ढीग बोटानं चाळून बघितले. मग त्यानं डिझेलचे दाणे उचलले आणि आईला म्हणाला, "उद्या ह्याची उसळ कर." डिझेल ठरलं.

मुनियप्पा म्हणाले, "सरी." सरी म्हणजे बरं, पण त्यांच्या तोंडी त्याचे दहा अर्थ होते. हा 'तुमच्या मनासारखं करा, पण मी सांगितलं नव्हतं असं म्हणू नका' असा होता.

लोक बोललेच. गल्लीतल्या एका अक्कांनी आईला गाठून सांगितलं, पोरीचं लग्न व्हायचंय अजून आणि ती गॅरेजात बसते, बरं दिसतं का? मी आतून ओरडले, आधी इंजिनाचं होऊ द्या, मग माझं. आईनं माझ्यावर डोळे वटारले, पण त्या अक्कांना चहा काही विचारला नाही.

डिझेल आणि जीपचा गियरबॉक्स एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते. दोघांच्या मधे एक जाड लोखंडी पत्रा बसवायचा होता, एका बाजूची भोकं इंजिनाशी जुळणारी, दुसऱ्या बाजूची गियरबॉक्सशी. त्याचा नमुना कुणी काढायचा? मी म्हटलं, मी काढते. ब्लाउजचा गळा कागदावर उतरवणाऱ्या घराण्यातली मी. गियरबॉक्सच्या तोंडाला काजळी फासली, त्यावर खाकी कागद दाबला, छाप घेतला, कात्रीनं कापला. मुनियप्पांनी त्याबरहुकूम पत्रा कापून, घासून आणला, लावून बघितला आणि मान खाजवायला लागले. पत्रा सगळीकडून अर्धं बोट बाहेर आला होता.

चूक माझी होती. कागद कापताना हातानं आपोआप शिलाईची माया सोडली होती. कापड असलं की कडेनं थोडं जास्त ठेवायचं, उद्या उसवून वाढवता यावं म्हणून. सात पिढ्यांची सवय, हात विचारतो कुठं?

मुनियप्पा हसून हसून खाली बसले. "तंगी, लोखंड धुतल्यावर आटत नाही!"

मला रडूच यायचं बाकी होतं. अण्णानं पत्र्याची ती जास्तीची कड बोटानं चाचपली, डाव्या बाजूला. म्हणाला, "हे घासून टाकू नका. इथं भोक पाडा." हाताच्या क्लचचा दांडा कुठं टेकवायचा याचा गुंता पंधरा दिवस सुटत नव्हता. तो त्या अर्ध्या बोटावर सुटला. दांडा सीटच्या डाव्या अंगाला आला, हात सहज खाली सोडला की मुठीत यावा असा.

मग बाकीचं. नाक खरंच खाली बसलं, मुनियप्पांनी 'सांगितलं नव्हतं का' अशी भुवई उडवली आणि पुढच्या स्प्रिंगांना एकेक पान, म्हणजे पोलादी पट्टी, वाढवलं. बॉनेट बंद होईना, तर ते दोन बोटं उचलून ठेवलं. बॅटरी एक होती, दोन झाल्या. सगळे म्हणायचे, स्टिअरिंग आता उजवीकडं घ्या, फौजेतली गाडी आहे का ही? अण्णा नाही म्हणाला. स्टिअरिंग डावीकडं, म्हणजे डावा हात क्लचला मोकळा आणि उजवा हात गियरला. आणि दोन्ही हात गुंतले त्या क्षणाला स्टिअरिंग कोण धरणार? गुडघा. उरलेला डावा गुडघा. लाकडी पाय काढून ठेवायचा आणि गुडघा खालून चक्राला टेकवायचा. ज्या गुडघ्याकडं सगळे कीव करून बघायचे, त्याला आम्ही कामाला लावलं.

गाडी जशी आली तशीच ठेवावी असं म्हणणारे लोक मला आजही भेटतात. मूळचं तेच खरं म्हणे. मूळचं! कारखान्यातून निघताना त्या जीपला काय माहीत होतं, तिच्या नशिबी बर्फात पाय घालवून आलेला शिंप्याचा पोरगा आहे म्हणून? माणूस कुठं मूळचा राहतो? कापलं जातं, सांधलं जातं, कुठं एखादं पान वाढवावं लागतं. एवढं करून तो चालत असेल तर त्याला मोडका म्हणायचा कुणाला काय अधिकार आहे? माझं हे म्हणणं तेव्हाही होतं, आणि वय झालं म्हणून ते मऊ झालेलं नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ती सकाळ मला आवाजासकट आठवते. आधी खोकला, मग काळा धूर, मग अख्ख्या अंगणाची भांडी हलायला लागली. आई तुळशीपाशी हात जोडून उभी. अण्णाचं तोंड हसून कानापर्यंत गेलेलं. मुनियप्पा ओरडले, बास, बंद करा आता. अण्णानं चावी फिरवली. इंजिन चालूच. पुन्हा फिरवली, काढून घेतली. इंजिनाला पत्ताच नाही. आम्ही सगळी पेट्रोलची माणसं. चावी काढली की गाडी मरते, हे आम्हाला सूर्य उगवण्याइतकं पक्कं माहीत. मुनियप्पांनी आयुष्यात डिझेलं उघडली होती ती मेलेलीच. ते बॅटरीच्या तारा उपटायला धावले, उपटल्याही. इंजिन धडधडतंच आहे! डिझेलला ठिणगी लागत नाही, त्याचं तेल तोडावं लागतं, नाहीतर हवा. शेवटी मी शेंगांचं ओलं पोतं उचललं आणि हवा आत जायच्या तोंडावर दाबून धरलं. दोन आचके दिले आणि थांबलं. पुढं आठवडाभर जीपला अवरेचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी मुनियप्पांनी तेल तोडायला सायकलच्या ब्रेकची तार बसवली, डॅशबोर्डातून बाहेर काढून. ओढली की इंजिन बंद. तारेच्या टोकाला मूठ हवी होती. माझा लहानपणचा चन्नपट्टणचा लाखेचा खुळखुळा ट्रंकेत होता, त्याचा लाल गोळा कापून लावला. तो गोळा आता माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे. नातवंडांना वाटतं, काहीतरी दृष्टीबिष्टीचं असेल.

परवान्याच्या परीक्षेची तारीख संक्रांतीच्या चार दिवस आधीची मिळाली. परीक्षा घेणाऱ्याला इथं सगळे ब्रेक इन्स्पेक्टर म्हणत. या साहेबांची एक खोड गावभर माहीत होती. बसवनगुडीत बैलाच्या देवळामागच्या चढावर गाडी न्यायला सांगायचे आणि ऐन मध्यावर स्वतः हात घालून चावी बंद करायचे. गाडी मागं न घसरता पुन्हा सुरू करून वर नेली तर पास. घसरली तर घरी. दोन पायांची माणसं तिथं रडलेली आम्हाला ठाऊक होती.

आठवडाभर आम्ही तेवढंच केलं. तळ्याच्या बांधावर चढायचं, मध्यावर अण्णा लाल गोळा ओढायचा, हँडब्रेक, मग स्टार्टरचं बटण, डाव्या हातानं क्लच, गुडघ्यावर स्टिअरिंग, उजव्या पायानं तेल, आणि हँडब्रेक सोडायचा. पाच कामं एका दमात. पहिल्या दिवशी जीप घसरत जाऊन शेंगांच्या पोत्यांवर बसली. चौथ्या दिवशीही तीनदा घसरली. सातव्या दिवशी एकदाच. ती एकदाच घसरलेलीच माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

परीक्षेच्या सकाळी धुकं होतं. मी हट्टानं मागं बसले. साहेब आले, जीपभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवर नजर गेली. माझ्या शेजारी अण्णाचा लाकडी पाय उभा होता, चकचकीत बूट घालून.

"हे काय?" त्यांनी कन्नडात विचारलं.

"माझा पाय," अण्णा म्हणाला. "गाडी चालवताना लागत न्हाई."

"नियमात असं कुठं आहे?"

"नको असं तरी कुठं आहे, साहेब?"

साहेब शेजारी बसले. चढ आला. अण्णानं एकदाच गियर टाकला आणि जीप गुरगुरत निघाली. मी तो पाय मांडीवर घेऊन गच्च धरून बसले होते. मध्यावर आलो. साहेबांचा हात पुढं गेला, त्यांनी चावी फिरवली.

जीप तशीच वर चालली होती.

त्यांनी पुन्हा फिरवली. चावी काढून हातात घेतली, तिच्याकडं पाहिलं, इंजिनाकडं पाहिलं. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आठवडाभर आम्ही ज्या चावीला भीत होतो, ती या गाडीत कशालाच बांधलेली नव्हती! पोत्यानं इंजिन बंद केलेली मी, आणि तीच विसरले होते. भीती वाटायला लागली की माणूस किती बावळट होतो. मला हसू फुटणार होतं. आता अण्णा हसत हसत वर जाईल, संपलं, सुटलो.

अण्णा वर गेला नाही. त्यानं ब्रेक दाबला.

"तुमच्या चावीनं हे थांबत न्हाई, साहेब," तो म्हणाला. "मी थांबवतो. आणि मीच सुरू करतो."

त्यानं लाल गोळा ओढला. एकदम शांत झालं. देवळातली घंटा ऐकू आली. मी मागं बघितलं, उतार धुक्यात उतरत गेला होता, त्याचं टोक दिसत नव्हतं. का केलंस हे, मी मनात ओरडत होते, फुकट मिळत होतं ते का घेतलं नाहीस? पण त्याची मान मागून दिसत होती मला. तीच ताठ मान, ज्या दिवशी स्टूल आलं त्या दिवशीची.

स्टार्टरचं बटण. धडधड. डावा हात खाली गेला, गुडघा वर आला. हँडब्रेक सुटल्याचा आवाज आला. जीपचं नाक किंचित वर उचललं गेलं आणि ती पुढं निघाली. मागं बोटभरसुद्धा नाही.

वर पोचल्यावर साहेब उतरले. चावी अजून त्यांच्याच हातात होती. ती त्यांनी अण्णाला दिली, कागदावर सही केली आणि म्हणाले, "सरी." मुनियप्पांच्या दहा अर्थांत न बसणारा तो अकरावा.

संक्रांतीच्या सकाळी आम्ही तळ्याकाठून शेंगांची पोती भरली आणि बाजाराच्या आधी जीप चिक्कपेटेत नेली. मागं पोत्यांवर मी आणि माझ्या मांडीवर ते सागवानी स्टूल. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी राहून बघायला लागली. मामा धोतराचा सोगा सावरत बाहेर आले. मी स्टूल त्यांच्या पायरीवर नीट ठेवलं, गादीवर अवरेच्या शेंगांचा वाटा ठेवला आणि परत वर चढले. मामा काहीतरी बोलत होते, पण डिझेलच्या आवाजात त्यांचे नुसते ओठ हलत होते.

"अरे, ते आधी बंद कर!" शेवटी ते ओरडले. "उतर, आत ये!"

अण्णाचा हात लाल गोळ्यापाशी गेला. मला वाटलं, आता ओढतो. मामा थोरले, सणाचा दिवस, दुकानाचा उंबरा. त्यानं गोळ्यावरचा हात काढला आणि क्लचच्या दांड्यावर ठेवला.

"आज न्हाई, मामा," तो म्हणाला आणि गियर टाकला.